तीन दिवसांची सून

महालक्ष्मीला साडी नेसवायला दोन माणसं लागतात. एकट्यानं होतच नाही ते. लोखंडी स्टँड असतो, त्याला पोट नाही, कंबर नाही, खांदे म्हणून एक आडवी पट्टी, आणि त्यावर नऊवार अशी बसवायची की वर पितळी मुखवटा ठेवल्याबरोबर वाटलं पाहिजे की बाई उभी आहे, आत्ता बोलेल. एकानं समोरून निऱ्या घालायच्या आणि दुसऱ्यानं मागून पदर ताणून धरायचा, आणि धरणाऱ्याला नेमकं कळलं पाहिजे की सोडायचा कधी. लवकर सोडला तर सगळं घसरून खाली. उशिरा सोडला तर चुण्या.

पुलगावात बाजारातल्या भांड्यांच्या दुकानामागच्या घरात हे काम सपना आणि धर्मेंद्र करायचे. ती समोर, तो मागे. ज्येष्ठा झाली की कनिष्ठा, मग त्यांची दोन पिल्लं. धर म्हणायचं काम नाही, सोड म्हणायचं काम नाही. गल्लीतल्या बाया मुद्दाम बघायला यायच्या आणि म्हणायच्या, अशी जोडी पाह्यली नाई बाई, एका शब्दाचं काम नाई यायले.

आणि संसार मोडला तो त्याच न बोलण्यापायी.

म्हणजे धर्मेंद्र वाईट माणूस होता असं कोणीच म्हणणार नाही. दारू नाही, पत्ते नाही, हात उगारणं तर सोडाच, आवाजसुद्धा कधी चढला नाही, कारण चढायला आधी आवाज पाहिजे ना. सकाळी दुकान, दुपारी जेवण, रात्री जेवण. भाजीत मीठ जास्त झालं तर पाणी जास्त प्यायचा. साडी आवडली तर एकदा जास्त बघायचा. सपना आष्टीची, किराणा दुकानदाराची पोरगी, तिकडे घरात सगळे एकदम बोलायचे आणि कोणीच ऐकायचं नाही. ती पुलगावात येऊन त्याच्या पावलांवरून ओळखायला शिकली, आज गिऱ्हाईक चांगलं झालं, आज डोकं दुखतं, आज चहा लवकर पाहिजे. त्याचा हात पुढे यायच्या आत वाटी पुढे. सासूबाई, देवकाबाई, कौतुकानं म्हणायच्या, "माह्या पोराले जीभ देवानं दिली, पण वापरा लागली नाई. तू आहे म्हणून."

मग आचल दहावीत असताना सपनाचं पिशवीचं ऑपरेशन झालं, सावंगीच्या हॉस्पिटलात. धर्मेंद्र रोज आला. दुकान बंद करून, एसटीनं, डबा घेऊन. यायचा, स्टूल ओढायचा, पेपर उघडायचा, बसायचा. संध्याकाळी पेपरची घडी करून जायचा. शेजारच्या खाटेवर तानाबाई होती, सावंगीचीच, बांधकामावर जाणारी, पाय मोडलेली. तिचा नवरा यायचा तो दारातूनच सुरू. "अवं, तुले म्हटलं होतं नं चप्पल बदल म्हणून. आता लोळ." मग कोंबडीनं अंडं कुठं दिलं, कोण कोणाशी भांडलं, सगळं. तानाबाई त्याला शिव्या घालायची आणि हसता हसता पाय दुखला की रडायची.

सपना छताकडे बघत ते ऐकायची. एकदा तिनं धर्मेंद्रला म्हटलं, "काहीतरी बोला नं." त्यानं पेपर खाली केला, खरंच खूप विचार केला, दिसत होतं तोंडावर, आणि म्हणाला, "डबा खाल्ला का?"

ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

सुट्टी मिळाली तेव्हा ती पुलगावला गेली खरी, पण महिनाभरानं परत सावंगीला आली, तपासायला म्हणून, आणि तानाबाईच्या घरामागच्या खोलीत राहिली. आज जाऊ, उद्या जाऊ. मेडिकलच्या पोरांना घरच्यासारखं जेवण मिळत नाही हे तिनं हॉस्पिटलात पाहिलंच होतं. आधी दोन डबे, मग दहा, मग मेस. तानाबाईचा पाय काही पूर्वीसारखा झाला नाही, ती बसून भाकरी थापायला लागली. आचल बारावीपर्यंत बाबांकडे राहिली आणि मग कॉलेजसाठी वर्ध्याला, म्हणजे लागूनच असलेल्या सावंगीत आईकडे. धर्मेंद्रनं कधी विचारलं नाही की काऊन गेली. न्यायलाही आला नाही. दर महिन्याला दुकानातून एक नवीन भांडं मात्र आचलच्या हातून यायचं, मोठं पातेलं, झारा, पोळपाट, आणि प्रत्येक वेळेस नेमकं तेच जे मेसमध्ये कमी पडत होतं.

आणि भाद्रपदात सपना तीन दिवस पुलगावला जायची. पहिल्याच वर्षी देवकाबाईंचा फोन आला होता, रडतच. "लक्ष्म्या माह्या सासूनं माह्या हाती देल्या, म्या तुह्या हाती देल्या. तुले त्याचं तोंड पाह्यचं नसन तं नको पाहू, पण त्याइले कोन उभं करीन?" सपना गेली. मेसच्या दारावर पाटी, तीन दिवस बंद. पोरं कुरकुर करायची. तानाबाई म्हणायची, "तू बी लक्ष्मीच हायेस माय. तीन दिस येते, पुरण खाते आन् जाते."

ते तीन दिवस सपना त्या घराची सून असायची. चिंचेनं मुखवटे घासायची, हळदीकुंकवाची पावलं काढायची, सोळा भाज्या, आंबील, वर टांगायचा फुलोरा, आणि त्या दुपारी समोर ती, मागे तो, एक शब्द नाही. मग विसर्जन झालं की मुखवटे मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवायचे आणि संध्याकाळची एसटी. असं किती वर्षं चाललं असतं कोणास ठाऊक.

पण आचलला स्थळ आलं, हिंगणघाटचं. मुलाच्या आईनं फोनवरच विचारलं की तुझे आईबाबा कायद्यानं वेगळे आहेत का असेच. आचल मेसमध्ये आली आणि कांदे चिरत बसलेल्या आईसमोर उभी राहिली.

"आई, मले त्या पोराशी लग्न करायचं आहे का नाई ते नंतर पाहू. पण ह्या प्रश्नाचं उत्तर मले पाहिजे. तुम्ही दोघं एकमेकांचे कोण आहात?"

"वेगळे आहोत. सगळ्यांले माहीत आहे."

"वेगळे म्हणजे काय पण? बाबा तिकडे आडकून, तू इकडे आडकून. काहीतरी एक करा न वं."

कांद्याचं निमित्त होतं, सपनानं डोळे पुसून घेतले.

वकील म्हणजे रत्नदीप. वकिली शिकताना याच मेसमध्ये जेवायचा, आता कोर्टासमोर छोटं ऑफिस, काळा कोट खुर्चीच्या पाठीला. सपना तानाबाईला घेऊन गेली. त्यानं दोघींना चहा सांगितला आणि समजावून सांगितलं, अगदी हळू, जसा एखाद्या लहान पोराला गणित सांगतो.

"काकू, दोन रस्ते आहेत. एक, न्यायिक विभक्तता. लग्न कायम राहते, फक्त सोबत राहायचं बंधन नाही. तुम्ही त्यांची बायको, ते तुमचे नवरा. वारसा हक्क राहते. पण दोघांलेही दुसरं लग्न नाही करता येत. दुसरा रस्ता घटस्फोट. त्यात गाठच सुटते. दोघं मोकळे."

"पहिलं," सपना म्हणाली. चहासुद्धा आला नव्हता अजून.

"विचार तर करा."

"काय विचार करायचा? मले कुठं दुसरं लग्न करायचं आहे. आणि लक्ष्म्या आहे तिकडं माह्या. सून नाई राह्यली तं मी कोणत्या नात्यानं जाऊ?"

रत्नदीप लिहायला लागला. "सोबत राहणं कधी थांबलं?"

"आचल दहावीत होती तेव्हा. म्हणजे तसं तीन दिवस राहतोच नं दरवर्षी."

त्याचा पेन थांबला. तो चाचरतच म्हणाला, "काकू, म्हणजे... नवराबायको म्हणून राहता?"

"नाई रे बावा," सपना म्हणाली, "महालक्ष्म्या म्हणून. मी सोवळ्यात, तो दुकानात झोपते."

तानाबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की चहा आणणारा दारातच थांबला. रत्नदीपही हसला, पण मग गंभीर झाला. "अजून एक आहे. घटस्फोट दोघांच्या संमतीनं होते, कोणावर काही आरोप नाही लावा लागत. पण विभक्ततेले कारण लागते. छळ केला म्हणा, नाहीतर टाकून दिलं म्हणा. कोणीतरी कोणावर तरी लिहा लागते."

"मी काय लिहू त्याच्यावर? बोलत नाई म्हणून?"

"मग त्यांनी तुमच्यावर लिहावं, की ही सोडून गेली."

आचलनं त्या रविवारी पुलगावला जाऊन बाबांना विचारलं. आली तेव्हा तोंड उतरलेलं.

"बाबा म्हणे, तिच्यावर काई लिहू नका. जे लिहायचं ते माह्या नावावर लिहा, मी सही करतो." आचलनं पिशवी ओट्यावर ठेवली. "आणि हे देलं."

आत नवीन पुरणयंत्र होतं. जुन्याचा दांडा मागच्याच आठवड्यात तुटला होता, आणि हे सपनानं कोणालाच सांगितलेलं नव्हतं. आचलनंच पाहिलं असेल, आणि तिकडे बोलता बोलता निघालं असेल. कोण जाणे.

सपनानं ठरवलं, महालक्ष्म्या होऊन जाऊ देत, मग बघू काय लिहायचं ते.

त्या वर्षी ती एक एसटी आधीच निघाली, सामान फार होतं म्हणून. पुलगावला उतरून मागच्या गल्लीनं घरात शिरली, दुकानातून जायची तिला सवयच नव्हती आता. न्हाणीपाशी पाय धुताना तिला दुकानातून आवाज आला. कोणीतरी पुरुष गोष्ट सांगत होता. पहिले तिला वाटलं गिऱ्हाईक असेल.

"मंग तो कढई घेऊन परत आला. डिपोतला माणूस, मोठ्या मिशावाला. म्हणे भाजी करपते याच्यात, बदलून द्या. मी म्हटलं भाऊ, आच कमी करा. म्हणे मी तं पंधरा वर्षापासून याच आचेवर खाऊन राह्यलो. मी म्हटलं मंग पंधरा वर्ष करपलेलंच खाल्लं असन, आता कळलं. तं म्हणते कसा, मले नाई हो, बायको माहेरी गेली, मीच करून राह्यलो. मी म्हटलं भाऊ, मंग कढई काऊन बदलता, जाऊन बायको घेऊन या."

एक बाई खळखळून हसली.

सपनाचा एक पाय धुतलेला, एक तसाच. तो धर्मेंद्र होता. तो थांबत नव्हता, त्या मिशावाल्याची नक्कल करत होता, आवाज बदलून. आणि सगळ्यात वाईट काय, तर ती गोष्ट खरंच हसण्यासारखी होती. सपनाला हसू आलं. आलं आणि घशातच अडकलं.

ती आत देवकाबाईंच्या खाटेशी जाऊन बसली. म्हातारी आता उठत नव्हती, पण कान शाबूत होते. तिनं सपनाचा हात धरला आणि तो सोडलाच नाही.

"कोण आहे, आई?"

"मेघा. समोरच्या खोलीत फॉल-पिको करते. नवरा वारला तिचा, लेकरू नाई. लक्ष्म्याइच्या साड्याइले पिको करून आणलं तिनं."

"कधीपासून?"

"साड्या?"

"आई."

देवकाबाईंनी डोळे मिटले. "दुपारी चहा घेतात दोघं. दुकानाच्या पायरीवर, साऱ्या बाजारासमोर. बाकी काई नाई, तुह्या गळ्याची आन. तो काई म्हणला नाई तिले आन् म्हणनार बी नाई. तू हायेस नं अजून या घरची." मग हात तसाच धरून, "म्या त्याले येवढं बोलताना लहानपणी बी नाई आयकलं वं. मले लय बरं वाटते. आन् मंग तुह्यासाठी वाईट वाटते."

मेघा साड्या द्यायला आत आली आणि सपनाला पाहून दचकलीच. सावळी, बारीक, गळ्यात मोजायची टेप तशीच लटकलेली. "ताई, तुम्ही लवकर आल्या," एवढंच म्हणाली आणि साड्या ठेवून पळाली. मागे टेप पडली तीही घ्यायला थांबली नाही.

दुपारी स्टँड मांडले. ज्येष्ठेला हिरवी साडी. समोर सपना, मागे धर्मेंद्र. तिनं निऱ्या घ्यायला सुरुवात केली, आणि त्या बसेनात. घ्यायची आणि सुटायच्या. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. धर्मेंद्र मागे पदर धरून उभा, वाट पाहत. तिनं पुन्हा घेतल्या, पुन्हा सुटल्या, आणि मग तिनं साडीचा गोळा करून मांडीवर घेतला आणि खाली बसली.

"तुम्ही तिच्याशी बोलता," ती म्हणाली.

पदर अजून त्याच्या हातात होता. "हं."

"मी रागावली नाई. मले फक्त सांगा. माह्याशी काऊन नाई बोलले कधी?"

असं वाटलं की आता तो विचारेल, डबा खाल्ला का. तिला ते ऐकायची तयारीसुद्धा होती. पण तो तिथेच, मागच्या मागे, खाली बसला. दोघांच्या मधे तो नुसता लोखंडी स्टँड.

"तुले सगळंच आधी समजे," तो म्हणाला. "मी तोंड उघडाच्या आधी ताट वाढलेलं राहे. काई सांगाले जाओ तं तू मान डोलवून मोकळी, तुले माहीत राहे. मंग सांगाचं काय? राहूनच जाय. मंग सवयच गेली." तो थांबला. सपनाला वाटलं संपलं. "दवाखान्यात तू म्हणली बोला. मी रोज एसटीत ठरवून येऊ, आज हे सांगू, आज ते सांगू. आन् तुह्यासमोर बसलो की वाटे, हिले तं माहीतच असन."

सपना साडीची जर नखानं सरळ करत राहिली.

"आणि तिले?"

"तिले?" आणि तो चक्क हसला, लाजल्यासारखा. "तिले काईच समजत नाई. चहात साखर कमी झाली तं तेबी सांगा लागते. सगळं सांगा लागते."

बाहेर रस्त्यावरून कोणाच्या तरी लक्ष्म्यांचं सामान घेऊन ऑटो गेला, घंटी वाजवत. सपनाला एकाएकी तो दिवस आठवला, लग्नाच्या नवलाईतला, धर्मेंद्र एकदा म्हणाला होता, "आज एक गंमत झाली," आणि ती म्हणाली होती, "माहीत आहे, शेजारणीनं सांगतलं." आपण किती हुशार असं वाटलं होतं तिला तेव्हा. ती गंमत त्याच्या तोंडून तिनं कधी ऐकलीच नाही. काय होती तेही आता आठवत नव्हतं.

तिला पहिला रस्ता आठवला. गाठ राहते, फक्त सोबत राहायचं नाही. तिला तो किती बरा वाटला होता. सून म्हणून तीन दिवस, आणि बाकीचं वर्ष आपलं आपण. पण त्या गाठीचं दुसरं टोक या माणसाच्या गळ्यात होतं, आणि हा माणूस आत्ता कुठे बोलायला लागला होता, पायरीवर, चहासोबत, आणि आयुष्यभर तो पायरीच्या पुढे एक पाऊल टाकणार नव्हता, कारण सपना अजून या घरची होती. तिनं त्याला विचारलं असतं तरी तो म्हणाला असता, लिहा माह्या नावावर.

"उठा," ती म्हणाली. "लक्ष्म्या उभ्या करायच्या आहे."

ती उठली, तो उठला. या वेळेस निऱ्या बसल्या. पण कनिष्ठेच्या वेळी सपनानं दारात जाऊन समोरच्या खोलीकडे हाक मारली, "मेघा, इकडं ये जरा. टेप राह्यली तुही. आणि मागून कसं धरतात ते पाहून घे."

मेघा आली, भीत भीत. सपनानं तिला धर्मेंद्रच्या शेजारी उभं केलं. मेघानं पदर आधी सोडला आणि साडी घसरली. "नाई वं," सपना म्हणाली, "मी मान वर केली की सोडजो." पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा मेघाच म्हणाली, "ताई, तुम्ही तोंडानं सांगा नं, सोड म्हणून. मले मानेचं नाई समजत." धर्मेंद्रनं सपनाकडे पाहिलं, 'पाह्य, मी म्हटलं होतं नं' अशा नजरेनं, आणि सपनाला हसू आलं, या वेळेस घशात न अडकता.

"सोड," ती म्हणाली. आणि साडी उभी राहिली.

विसर्जनाच्या दिवशी तिनं मुखवटे मऊ कापडात गुंडाळले, ज्येष्ठेचा डावीकडे, कनिष्ठेचा उजवीकडे, पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून थोडा वेळ बसली. मग देवकाबाईंच्या पाया पडली. काहीच सांगितलं नाही, पण म्हातारीला कळलं, ती सपनाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि एसटी चुकायची वेळ आली.

रत्नदीप म्हणाला, "काकू, घटस्फोटच? नक्की? वारस म्हणून नाव जाईन, सगळंच जाईन."

"माहीत आहे."

"लक्ष्म्या?"

"त्या त्या घरच्या आहे. माह्या कुठं होत्या."

तानाबाई परत येताना ऑटोत एकदम भडकली. "तुले अक्कल हाये का? इतकी वर्ष गेली तिकडं मरमर कराले, आन् आता दुसरीले ताट वाढून देते? इथंबी आधीच वाढून देते? त्यानं मागतलं तरी का?"

सपना रस्त्याकडे बघत राहिली. "नाई मागतलं. म्हणून तं. पण हे शेवटचं, ताने. यापुढं मी कोणालेच न मागता वाढनार नाई."

कोर्टात साहेबांनी दोघांना विचारलं, कोणाचं दडपण आहे का. दोघं नाही म्हणाले. अर्जात रत्नदीपनं लिहिलं होतं की स्वभाव जुळत नाहीत. सपनाला वाटलं, खोटं आहे हे, फारच जुळत होते. पण असं कोर्टात कुठे लिहितात. उन्हाळ्यात निकाल लागला. बाहेर आल्यावर धर्मेंद्र कडुलिंबाखाली उभा राहिला, चप्पल मातीत घासत, आणि मग म्हणाला, "ऊन लय आहे. रिक्षानं जाजो." सपनानं पाहिलं, आचल लिंबाच्या पलीकडे तोंड करून रडत होती. ते हिंगणघाटचं स्थळ तिनं आधीच नाकारलं होतं, मुलगा स्वतःपुढे कोणाला बोलूच देत नाही म्हणून.

पोळ्याच्या आधी धर्मेंद्र आणि मेघाचं रजिस्टर लग्न झालं. आचल गेली, जेवली, आणि येऊन आईला म्हणाली, "चांगलं झालं." मग आईच्या कुशीत शिरून म्हणाली, "चांगलंच झालं न?"

आणि भाद्रपद आला.

मेसच्या दारावर पाटी लागली नाही. पोरांनी विचारलं, "काकू, यंदा सुट्टी नाही?" सपना म्हणाली, "नाई. जेवा यंदा." तानाबाई गुपचूप भाकरी थापत होती, ती गुपचूप म्हणजे काहीतरी बिघडलं समजायचं. त्या सकाळी सपनानं चिंच भिजवली होती, सवयीनं. मुखवटे तर नव्हते, मग मेसची पितळी पातेली घासून काढली, चकाचक. दुपारची पंगत बसली होती, वरण वाढून होत होतं, आणि दारात दुकानाची ओम्नी येऊन थांबली.

धर्मेंद्र उतरला. पोरांनी घास हातात धरून पाहिलं. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"घ्यायले आलो," तो म्हणाला.

"कोणाले?" तानाबाईच बोलली. "कागद झाले नं तुमचे. आता कायले घ्यायले येता?"

सपना वरणाचं पातेलं धरून उभी. तिला दिसत होतं त्याला काय म्हणायचं आहे ते. सगळं दिसत होतं, नेहमीसारखं, घामेजलेल्या कपाळावर लिहिल्यासारखं. मान डोलवली असती तर सुटला असता बिचारा. पण तिनं मान हलवली नाही. वाट पाहिली.

"आईनं पाठवलं," तो म्हणाला, मग, "नाई. आईनं नाई. मीच आलो. मेघाबी म्हणे जा. लक्ष्म्या अर्ध्या नेसून उभ्या आहे, निऱ्या सुटून राह्यल्या. पण त्याच्यासाठी नाई आलो. ते होऊन जाईन कसंबी." तो दम घ्यायला थांबला. "लक्ष्म्या कोण असतात? माहेरवाशिणीच नं. तीन दिवस येतात. त्याइले घ्यायले जा लागते, आपल्या मनानं नाई येत त्या. म्हणून आलो. सून म्हणून नको येऊ. आता तुले आमचं घर माहेर आहे असं समज. म्हणजे आईनं म्हटलं तसं, पण मलेबी वाटते."

एवढं लांब तो तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलला होता. पोरं जेवायची विसरली होती.

तानाबाईनं हातातला गोळा परातीत आपटला. "जाय वं माय," ती म्हणाली, आवाज मात्र पार ओला. "मी वाढतो यायले. आन् येतानी पुरण आनजो."

सपनानं पातेलं खाली ठेवलं, हात धुतले, साडी बदलली. चिंचेची वाटी घेतली सोबत, का ते तिलाच माहीत नाही.

ओम्नीत मागे नव्या परातींचा ढीग होता, खड्डा आला की सगळ्या एकदम वाजायच्या. सावंगी मागे गेली. दोन्ही बाजूला कपाशी, मधे तुरीच्या ओळी. सपना खिडकीतून बघत होती आणि धर्मेंद्र बोलत होता, सारखा, रस्त्यावर डोळे ठेवून, जणू काही उरकायचं राहिलेलं काम आहे. मेघानं पुरणात मीठ घातलं ते, आईनं खाटेवरून शिव्या दिल्या त्या, फुलोऱ्यातली करंजी मांजरीनं नेली ते. देवळी आली, गेली.

"आन् तो मिशावाला आठवते का तुले? नाई, तुले कसा आठवन. एक माणूस होता, कढई घेऊन आलता परत, भाजी करपते म्हणून," तो म्हणाला. "मी त्याले काय म्हटलं माहीत आहे का?"

परातींनी एकदा झणझण केलं आणि शांत झाल्या. सपनाला शब्दन् शब्द माहीत होता, मिशावाल्याचा आवाजसुद्धा.

"नाई," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे वळून नीट बसली. "सांगा."